आईचं तिखट, माझी पॅप्रिका

सुपरमार्केटमधली चिमुकली बाटली आणि गावाकडून आलेली बरणी. दोन्हींत लाल मिरचीच. मग घोळ कुठे होतो? धर्माबादच्या मुलीने एका फसलेल्या पार्टीनंतर घेतलेला हा झणझणीत शोध.

शनिवारची रात्र. ऐरोलीतला आमचा भाड्याचा टू बीएचके, हॉलमध्ये टीममधले सहा जण आणि किचनमध्ये मी. बिर्याणी, बटर चिकन सगळ्यांचं करून झालेलं, म्हणून मेन्यू जरा हटके ठरवला होता : चिकन पॅप्रिकाश. हंगेरीची डिश. भरपूर कांदा, चिकन, शेवटी आंबट क्रीम आणि मध्ये, रेसिपीत लिहिल्याप्रमाणे, दोन टेबलस्पून पॅप्रिका.

पॅप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड, एवढं मला माहीत होतं. आणि लाल मिरचीबद्दल मला कुणी काय शिकवावं? मी धर्माबादची. आमच्याकडे किलोभर चिकनला दोन मोठे चमचे तिखट घातलं, तर 'पाहुण्यांसाठी हात आखडता घेतला' असं समजतात. आईने पाठवलेली बरणी फ्रीजमधून काढली, दोन चमचे बिनधास्त घातले आणि मोबाइलवर गाणी लावली.

पहिला घास गेला आणि हॉल एकदम गप्प. मग एकेकाच्या नाकाडोळ्यांतून पाणी सुरू. वर्षभर आम्हाला तांबड्या रश्श्याच्या गोष्टी ऐकवणारा कोल्हापूरचा कलीग बेसिनपाशी उभा राहून चुळा भरत होता. शेवटी पिझ्झा मागवला. सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर माझं नाव बदललेलं होतं : 'मिस धर्माबाद'.

मी हसण्यावारी नेलं. पण एक गोष्ट खटकत राहिली. तो रस्सा मलाही झेपला नव्हता. लहानपणापासून ज्या तिखटावर वाढले, तेच मला झेपू नये?

सगळा रंग, झणका नाही

रविवारी सुपरमार्केटमध्ये जाऊन खरीखुरी पॅप्रिका आणली. बोटभर उंचीची काचेची बाटली. किंमत बघून पोटात गोळा आला, कारण तेवढ्या पैशांत धर्माबादला किलोभर चांगली मिरची येते. घरी येऊन झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि शिंकेची वाट बघत बसले. शिंक आलीच नाही! उन्हात वाळवलेल्या टोमॅटोसारखा गोडसर वास. रंग मात्र लालभडक.

मग वाचत बसले. पॅप्रिका, आपली ब्याडगी, भाजीवाल्याकडची ढोबळी मिरची, या सगळ्या एकाच जातीच्या बहिणी. वनस्पतीशास्त्रातलं नाव कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. मूळ गाव अमेरिका खंड. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी मिरची आपल्याकडे आणली, हंगेरीत ती तुर्कांमार्फत पोचली. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बियाणं निवडत निवडत तिचा तिखटपणा कमी केला आणि रंग वाढवला. आपण दोन्ही ठेवलं. गंमत म्हणजे बारसं मात्र सारखंच झालं. 'पॅप्रिका' हा शब्द तिकडच्या मिऱ्यांच्या नावावरून आला, आणि आपली 'मिरची'सुद्धा मिऱ्यावरूनच. नवं फळ आलं, तिखट लागलं, म्हणून जुन्या तिखट वस्तूचं नाव चिकटवलं.

थोडक्यात, रेसिपीत पॅप्रिका लिहिलेली असते तेव्हा त्यांना रंग आणि गोडसर चव हवी असते. आपल्या तिखटाचं पहिलं काम झोंबणं. एकाच्या जागी दुसरं, तेही मापाला माप घातलं, की पिझ्झा मागवावा लागतो.

एवढं कळल्यावर आईला फोन केला. म्हटलं, "आई, यंदाचं तिखट फारच जहाल झालंय गं."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "तेजा मिरची जरा जास्त पडली असंल. तू येऊन जा की एकदा. होळी झाली की मिरची आणायची आहे."

गाव मिरचीचं

रात्री ठाण्याला देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, नांदेडला चहा घ्यायचा, मुदखेड, उमरी मागे टाकायचं, की आलं धर्माबाद. नांदेड जिल्ह्याचं हे टोक. पुढचं स्टेशन बासर, सरस्वतीचं देऊळ, आणि तेलंगण सुरू. टीव्हीवर आमचं गाव दिसतं ते गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या वादात. २०१० मध्ये चंद्राबाबू नायडूंना आंदोलनाच्या वेळी अटक करून इथल्याच आयटीआयमध्ये ठेवलं होतं, तेव्हा सगळ्या चॅनेल्सवर धर्माबाद, धर्माबाद. एरवी आमची ओळख एकच : मिरची.

सीझनमध्ये गावात शिरलात की डोळ्यांआधी नाकाला कळतं. मोंढ्यात लाल ढीग, अडत्यांची दुकानं, सौदे, पोत्यांच्या थप्प्या, तोंडाला रुमाल बांधलेले हमाल. सावलीत बसून देठं खुडणाऱ्या बायका, ज्यांची बोटं संध्याकाळपर्यंत चुरचुरत असतात. मिरची पूड करणारे कारखाने. आणि भाषा दोन. एकाच सौद्यात अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. आमच्या शेजारच्या काकू तिखटाला 'कारम' म्हणतात, आम्ही तिखट. वाटी मात्र भिंतीवरून इकडून तिकडे जाते. निजामाच्या राज्याचा हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादशी बांधलेला होता. त्यामुळे आमच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असतो, तशी चिंचेची आंबट डाळही असते.

लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची. कॉलेजला नांदेडला गेले तर कुणीतरी म्हणायचं, "तुझ्या दप्तराला मिरचीचा वास येतो." आज त्याच वासासाठी सुट्टी टाकून बारा-तेरा तासांचा प्रवास करते. माणूस असाच असतो.

करपलेलं दूध

पोचले त्याच संध्याकाळची गोष्ट. आई आणि मी पुढच्या खोलीत गप्पा मारत बसलो होतो. अचानक मला करपल्याचा वास आला. धावत गेले. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा झाला होता. किचन धुराने भरलेलं. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि वळून बघितलं तर आई दारात उभी. घाबरलेली नव्हती. पकडली गेल्यासारखी दिसत होती.

"आई, एवढा वास सुटलाय. तुला कळलं नाही?"

"नाही येत मला वास," ती म्हणाली. "त्या कोरोनापासून."

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा दोघांनाही झाला होता. दोघं बरे झाले, आम्ही देवाचे आभार मानले आणि विषय संपला. वास जातो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो, असं सगळे म्हणायचे. बाबांचा आला. आईचा आलाच नाही. आणि तिने कुणाला सांगितलं नाही.

"कामून सांगितलं नाहीस?" मी चिडून विचारलं. चिडले की मी आपोआप नांदेडची होते.

"काय सांगायचं माय? त्या साली गल्लीतली तीन घरं उघडी पडली. मी नाकाचं रडगाणं घेऊन कुठं जाऊ?" मग हळूच म्हणाली, "मीठ कळतं. आंबट कळतं. मिरची झोंबते, तेवढी कळते. बाकी सगळं पुठ्ठा खाल्ल्यावाणी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झोंबणं तेवढं कळतं! म्हणजे ही बाई गेली काही वर्षं जेवणात जे काही जाणवतं, तेवढंच वाढवत होती. दरवर्षी ब्याडगी थोडी कमी, तेजा थोडी जास्त. आणि बाबा? ते इतकी वर्षं आमटीत गुपचूप दही कालवून खात होते. त्यांना वाटलं, वयाने आपलं पोट नाजूक झालं.

एक मिरची, दोन नोबेल

मुंबईला परतल्यावर यावर वाचलं. वास नाकातल्या गंधपेशींना कळतो. मिरचीचा झणका मात्र वासही नाही आणि खरं तर चवही नाही. ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या नसांवरच्या एका ग्राहकाला, टीआरपीव्ही-वनला, जाऊन चिकटतं. हा ग्राहक मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतो, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तो 'भाजलं!' असा निरोप पाठवतो. मिरची त्याला फसवते. म्हणून तर तिखट खाल्लं की घाम फुटतो. हा ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने मिरचीच्याच मदतीने शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पटापौटियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ज्या वर्षी माझ्या आईचा वास गेला आणि झणका उरला, त्याच वर्षी.

मिरचीला याआधीही एक नोबेल मिळालंय बरं का! हंगेरीच्या सेगेद शहरातले आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्वावर जे काम केलं, त्यासाठी त्यांना ढिगाने क जीवनसत्त्व हवं होतं. ते सापडलं गावच्या ताज्या पॅप्रिका मिरच्यांमध्ये. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. सेगेद म्हणजे हंगेरीचं धर्माबादच म्हणा ना.

आणखी एक नाव : विल्बर स्कोव्हिल. १९१२ मध्ये या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजायची पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना झोंबायचं थांबेपर्यंत. ढोबळी मिरची शून्य. शुद्ध कॅप्सेसिन सुमारे १ कोटी ६० लाख. आपल्या सगळ्या मिरच्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. अलीकडे हे काम यंत्र करतं. चाखणाऱ्यांची सुटका झाली.

आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वासाचा सराव सांगितला : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, रोज दोन वेळा, एकेक वास शांतपणे, आठवत आठवत घ्यायचा, महिनोन्‌महिने. गॅरंटी काही नाही. आईने चारपैकी लवंगेची डबी हातात घेतली आणि म्हणाली, "ही तर माझ्या मसाल्यातलीच आहे. हिला ओळखायला शिकायचं आता?"

नाक माझं, हात तिचे

पण ते नंतरचं. त्या मार्चमध्ये प्रश्न होता वर्षाच्या तिखटाचा. आईचं तिखट दोन प्रकारचं असतं. एक नुसतं लाल, आणि दुसरा काळा मसाला, जो आमटीत, वांग्यात, शेवभाजीत, सगळीकडे जातो. काळा मसाला हा पूर्णपणे नाकाचा खेळ. धने किती भाजायचे, खोबरं कधी उतरवायचं, दगडफूल कधी 'बोलायला लागतं', हे आईने कधीच मोजलं नव्हतं, की लिहिलं नव्हतं. आजीने तिला नाकाने शिकवलं. आणि आता नाकच रजेवर.

"या साली पाकिटाचा आणू," बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

शेवटी आम्ही कामाची वाटणी केली. नाक माझं, हात तिचे. मी कढईवर वाकून वास सांगायचा, ती कान आणि बोटं वापरून ठरवायची.

"कसा वास येतोय?"

"गवतासारखा."

"मग कच्चे आहेत धने. हलव अजून."

"आता संत्र्याच्या सालीसारखा."

"आता बघ, हातात घेतले की हलके लागायलेत. उतरव."

तिळाचं तिला कानाने कळायचं. तडतड मंदावली की झालं. खोबरं रंगाने. खसखस मात्र सगळी माझ्या भरवशावर. पहिला घाणा मी जाळला. जळकट वास आला हे सांगायला मला चार सेकंद उशीर झाला. आई काही बोलली नाही, फक्त पुन्हा खसखस मोजून दिली. आणि दगडफूल? तव्यावर पडलं की आधी माती, मग ओलं लाकूड, आणि मग अचानक आमच्या घराचा वास येतो. जो मला आजवर घराचा वाटत होता, तो दगडफुलाचा होता. मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. "असाच असतो," म्हणाली. "बरोबर आहे. काढ आता."

हे सगळं मी मोबाइलच्या नोट्समध्ये टिपत होते. धने : गवत, मग संत्र्याची साल. जिरं : भिजल्या जमिनीचा वास गेला की बस. लवंग : टम्म फुगते. आईला हसू येत होतं. "वास कुणी लिहून ठेवतं का?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तीच म्हणाली, "मिऱ्याचं लिहायचं राहिलं."

मिरचीच्या बाबतीत मात्र मी वकिली केली. एक किलोला पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलोच तेजा, एवढ्यावर तडजोड झाली. तिला ते मिळमिळीत वाटणार, हे तिलाही माहीत होतं, मलाही. "तुझ्या ताटात वरून घेण्यासाठी नुसत्या तेजाची एक छोटी बरणी वेगळी करू," मी म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे मला तेवढं तरी कळावं म्हणून?" मी हो म्हटलं. कांडप गिरणीवर नेताना ती बरणी तिने स्वतःच्या हातात धरली होती.

मेड इन धर्माबाद

आता पॅप्रिका. ती बाटली मी आईला दाखवायला सोबत नेली होती. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली, वाट बघितली आणि निकाल दिला : "रंग आहे, जीव नाही." तिच्यासाठी ते खरंच होतं. वास नाही, झोंबणं नाही, मग उरतं काय? पण बाबांनी उकडलेल्या बटाट्यावर ती भुरभुरवून खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली.

तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट आपल्याला घरी करता येते. मिरचीचा बहुतेक तिखटपणा बियांमध्ये नसतो, तो आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो, ज्यांना बिया चिकटलेल्या असतात. ब्याडगी मुळात कमी तिखट आणि भरपूर रंगाची. देठ काढा, उभी चिरा, बिया-शिरा झटका, कडक ऊन द्या, मिक्सरवर थांबून थांबून फिरवा, मग बारीक चाळणीतून चाळा. झाली तुमची पॅप्रिका! सीमेपलीकडे वरंगळकडे मिळणारी चपाटा मिरचीही यासाठी मस्त. जाडसर, लालबुंद, तिखट कमी. २०२५ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं. ब्याडगीला ते २०११ मध्येच मिळालेलं आहे.

वापरायची कशी, हे मी हंगेरीकडून शिकले आणि आईने त्यावर शिक्का मारला. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तर आपल्या रश्श्यावर तर्री येते. पण पुडीत साखरही असते, ती धुराच्या तेलात क्षणात जळते आणि कडू होते. म्हणून कांदा परतून झाला की गॅस बंद करा, कढई खाली उतरवा, मग पॅप्रिका घाला, दोनदा हलवा आणि लगेच दही, टोमॅटो किंवा पाणी घाला. "फोडणीत तिखट घालताना मी पहिल्यापासून हेच करते," आई म्हणाली. "तुला हंगेरीला जाऊन कळलं?"

मुंबईला परतल्यावर पुन्हा एक शनिवार, पुन्हा तेच सहा जण. यावेळी दोन टेबलस्पून पॅप्रिका धर्माबादची, आंबट क्रीमऐवजी चक्का आणि थोडी साय. भांडं चाटूनपुसून साफ. कोल्हापूरकर म्हणाला, "जरा मिळमिळीत आहे." मी तेजाची बरणी त्याच्यासमोर ठेवली. त्याने नम्रपणे नकार दिला.

आता दर रविवारी आईचा व्हिडिओ कॉल येतो. लवंगेची डबी नाकाशी धरलेली असते. कधी म्हणते काही नाही, कधी म्हणते काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते कळलं नाही. मग विचारते, "आज काय केलीस? वास कसा आला?" आणि मी सांगते. सविस्तर. आधी गवत, मग संत्र्याची साल, मग आपलं घर.

तुमच्या घरीही अशी एक बरणी असेल. दिवाळीला, उन्हाळ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर येणारी. तिची रेसिपी कुठे लिहिलेली आहे का? नसेल तर या वीकएण्डला फोन लावा. प्रमाण विचारा, भाजायची वेळ विचारा आणि जमलं तर शेजारी बसून वास घ्या. आणि हो, तिखटाची चव बदललीये असं वाटलं, तर नुसतं 'जहाल झालंय' म्हणून फोन ठेवू नका. का बदलली, तेही विचारा.

कुठली मिरची कशाला?

• ब्याडगी (बेडगी) : सुरकुतलेली, लांब, गडद लाल. रंग भरपूर, तिखट कमी. रस्सा, तंदुरी मॅरिनेड, घरची पॅप्रिका.
• काश्मिरी : हीसुद्धा रंगासाठी. दही घातलेल्या ग्रेव्हीत खुलते.
• संकेश्वरी : रंग आणि झणका दोन्ही. कांदा-लसूण मसाल्याची लाडकी.
• गंटूर : रोजच्या तिखटासाठी. एकटी जास्त होते, ब्याडगीबरोबर जोडी जमवा.
• तेजा, लवंगी : छोट्या, पण जपून! चिमटीचा मामला.
• स्मोक्ड पॅप्रिका : स्पेनमधल्या ला व्हेरा भागात ओकच्या लाकडाच्या धुरावर मिरच्या वाळवून करतात. बाटली नसेल तर पदार्थ तयार झाल्यावर निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार द्या. हुबेहूब नाही, पण मजा येते.

आईच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण

मिरची १ किलो (पाऊण ब्याडगी, पाव तेजा), धने पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, जिरं १०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, दगडफूल २५ ग्रॅम, लवंग, मिरी, दालचिनी, शहाजिरं प्रत्येकी १० ग्रॅम, तमालपत्र मूठभर, हळकुंड आणि खडा हिंग थोडा. प्रत्येक गोष्ट वेगळी, थोड्या तेलात, मंद आचेवर भाजायची. आधी मिरची कांडायची, मग मसाला, शेवटी दोन्ही एकत्र.

लक्षात ठेवा

• मिरची घेताना मोडून बघा. कडक तुटली पाहिजे. आत काळी बुरशी दिसली तर ढीग सोडा. पांढरट पडलेली 'फटकी' मिरची स्वस्त मिळते, पण रंग देत नाही.
• सुटी पूड घेताना सावधान. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाका. लगेच रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर कृत्रिम रंग असू शकतो. तळाशी खरखरीत गाळ बसला तर विटेची भुकटी. हा प्रकार जगभर गाजलाय. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये 'सुदान-वन' हा रंग असलेल्या तिखटामुळे चारशेहून जास्त खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले होते.
• पॅप्रिका असो की तिखट, उजेड आणि हवा हे दोन शत्रू. गॅसच्या वरच्या फळीवर काचेची बरणी शोभून दिसते, पण रंग उडतो. थोडं थोडं दळा, बाकीचं घट्ट झाकणाच्या बरणीत, खडा हिंग टाकून, फ्रीजमध्ये ठेवा.
• जिभेला झोंबलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध, दही, ताक घ्या.
• मिरची चिरताना हातमोजे घाला. घातले नाहीत, तर निदान दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावू नका. अनुभवाचे बोल आहेत!